पहिल्या गटाची आपा

आपानं एसटीत बर्फाच्या डब्याचं तिकीट काढलं, त्या दिवशी मी तिच्या मागच्या बाकावर पदर नाकापर्यंत ओढून बसले होते. ऊन लागत होतं म्हणून नव्हे. ही बाई माझ्यासोबत आहे हे कोणाला कळू नये म्हणून.

तेल्हाऱ्याहून निघालेली गाडी. मी अकोल्यात, माझ्या सासरच्या गावी चढले तेव्हाच माणसं दांड्याला लोंबत होती, आणि आपाच्या शेजारी, खिडकीच्या जागेवर, सुतळीनं बांधलेला थर्मोकोलचा डबा ऐसपैस बसला होता. त्याला ऊन लागू नये म्हणून तिनं आपली ओढणी खिडकीला अडकवली होती. गाडीतला प्रत्येक जण त्या डब्याकडे असा बघत होता, की तो डबा नसून कोणाचा तरी लाडावलेला जावई आहे.

कंडक्टर आला. "बाई, डबा खाली ठेवा. माणसं उभी हायत."

"काहून? तिकीट काढतो ना मी त्याचं."

"डब्याचं तिकीट?"

"डब्याचं नाई रे बाप्पा. आंतल्या लोकायचं. रक्त हाय त्याच्यात. खाली ठेवलं तं गरमी लागते, खराब होते. तू मांडीवर घेतं काय अमरावतीलोक?"

कंडक्टरनं डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "फुल का हाफ?"

"तूच ठरव. बसून जाऊन राह्यले, बोलत नाईत, थुंकत नाईत."

त्यानं पूर्ण तिकीट फाडलं. गाडीत हशा पिकला आणि एक म्हातारा उठून म्हणाला, "राहू द्या हो, बसू द्या त्यायले." मूर्तिजापूर जाईपर्यंत लोक डब्याजवळ हळू आवाजात बोलत होते. मी मात्र शेवटपर्यंत पदर काढला नाही.

त्या डब्यात खेड्यापाड्यांतल्या धडधाकट माणसांचं रक्त होतं. आजाऱ्यांवर औषध शोधणाऱ्या बाईला धडधाकट माणसांचं रक्त कशाला हवं, हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. मी एम.एस्सी. होते, आणि न कळणं मला शोभण्यासारखं नव्हतं.

त्याच्या कितीतरी आधी आम्ही दोघी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटर म्हणून एकदमच लागलो. त्या वयात मी काय चीज होते, ते आठवलं की आजही स्वतःला एक ठेवून द्यावीशी वाटते. कडक खळीची साडी, पुण्याच्या मामीकडे उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढून आणलेली भाषा, आणि स्वतःच्या मालकीची रंगीत खडूंची डबी. ती डबी मी कुलपात ठेवत असे. खडू चोरून नेणारे चोर अमरावतीत तेव्हाही नव्हते आणि आताही नाहीत.

आपा तेल्हाऱ्याची. तिचे अब्बा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, यंत्रं दुरुस्त करायचे. घरात हिंदी, बाहेर वऱ्हाडी आणि वर्गातही वऱ्हाडीच. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तिला आपाच म्हणत, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. तिच्या वर्गाबाहेरून जाताना ऐकू यायचं, "हे पाहा, बेंडकाचं काळीज. बाह्यर काढलं तरी धडकून राह्यलं. काहून? पुस्तक बंद कर आंधी. काळजाले विचार." पोरं एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून बघत असायची. माझ्या वर्गात पोरं खाली मान घालून लिहून घ्यायची. मला वाटे, माझा वर्ग शिस्तीचा.

हिमोफिलिया शिकवायचा तर मीच. रक्त न गोठण्याचा आजार. बाया तो पोटात वाहून नेतात आणि भोगावा लागतो त्यांच्या मुलग्यांना. युरोपातल्या राजघराण्याची वंशावळ मी फळ्यावर अशी काढायची, की प्राचार्य दारात थबकून बघून जायचे. राण्या गुलाबी, राजे निळे, आणि आजारी राजपुत्र भरीव लाल चौकोनात. एकही रेघ वाकडी नाही.

एकदा चहा पिता पिता मी घरची काहीतरी गोष्ट सांगत होते. माझा धाकटा मामा दाढ काढली आणि गेला, असं त्यात आलं. आपानं कप खाली ठेवला.

"रक्त थांबलं नाई काय त्याचं?"

"नाही. डॉक्टर अडाणी होता."

"गुडघे सुजत काय?"

"लहानपणापासून. वात होता त्याला."

"तुह्या मायले आखीन भाऊ होता काय?"

"होता एक. रांगत असतानाच गेला. पडला होता."

आपानं बशी बाजूला सारली. मग म्हणाली, "मास्तरीणबाई, राणीचं घर लय सुंदर काढतं वं तू. एकदा तुह्यं घर काढ ना."

मला असा राग आला! आमच्या घराण्यात असलं काही नाही, असं मी तिला शुद्ध मराठीत ऐकवलं आणि कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाही. एका दुपारी मात्र रिकाम्या वर्गात जाऊन मी फळ्यावर माझं घर काढलं. आजी, आई, मामा, दुसरा मामा, आणि खाली मी. लाल खडू हातात घेतला. चौकोन बरोबर जिथं यायचे तिथंच येत होते. मी इतक्या घाईनं फळा पुसला, की डस्टर बोटावर आपटून नख काळं पडलं. त्यानंतर मी काय केलं? लग्न केलं आणि अकोल्याला आले. विज्ञानाचा एवढा अभ्यास केलेल्या बाईनं दुसरं काय करायचं!

त्याआधीची एक गंमत सांगायची राहिली. आम्ही दोघींनी परदेशात संशोधनाला जाण्यासाठी एकाच शिष्यवृत्तीला अर्ज केला होता. निवड माझीच होणार याची मला इतकी खात्री, की निकाल लागायच्या आधीच मी निळी, पितळी कुलपांची सूटकेस घेऊन ठेवली. निवड आपाची झाली. तिच्याकडे सूटकेस नव्हती. म्हणून माझी गेली. ती सूटकेस अमेरिका बघून आली. मी पुढची कित्येक वर्षं अमरावतीच्या पुढे गेले नाही.

आपा परत आली ती दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत. तिथंच तिचं आयुष्य गेलं. एसटीतला तो डबा त्या सुरुवातीच्या वर्षांतला, आमच्या जुन्या कॉलेजात तपासायला नेलेला. लग्न केलं नाही. तिच्या अम्मीनं जन्मभर विचारलं आणि तिनं जन्मभर एकच उत्तर दिलं, "आज जरा काम हाय." वर्षातून एकदा ती अकोल्याला भावाकडे यायची आणि जठारपेठेत माझ्या घरी येऊन थेट स्वयंपाकघरात पाटावर बसायची. ती काय करते हे मला तिथंच, भाजी निवडताना कळलं. एवढी मोठी माणसं आपलं काम सांगायला लागली की आपण जांभया द्यायला लागतो. आपा सांगायची आणि माझ्या हातातली मेथी हातातच राहायची.

"कापूस पाह्यला ना तू? रुईच्या आंत सरकी राह्यते. पेरली का उगवते. अब्बाच्या जिनिंगमधी काय होये? सरकी वेगळी, रुई वेगळी. मंग त्या रुईले कितीबी पाणी घाल, उगवते काय काई? विषाणूचं तसंच करतो आमी. त्याची सरकी काढून फेकतो. उरलं नुसतं वरचं. त्याच्यात माणसाच्या कामाचं बी भरतो, रक्त गोठवणारं. अन् देतो सोडून नसेतून. थो आपल्या पायानं काळजाखाली यकृतात जाते अन् बी टाकून देते."

"मग झालं की काम."

"कायचं झालं! अंग लय वस्ताद हाय. हा विषाणू तसा गरीब, कोणाले आजारी पाडत नाई. पण थो आंधी कधी येऊन गेला असन, तं अंग त्याले ओळखते. दारातच मारते. बी बाह्यरच पडून राह्यते." मग माझ्याकडे बघून हसली. "म्हणून तं एसटीत धडधाकट लोकं बसवून आणले होते. आपल्या वऱ्हाडात किती जणाचं अंग याले आंधीच ओळखते, ते पाह्याचं होतं. तू तं पदरात तोंड घालून बसली होती. मले वाटलं, झोपली."

तिला सगळं माहीत असायचं. बोलायची मात्र कितीतरी वर्षांनी.

तिच्या एका विद्यार्थिनीनं मला सांगितलेली गोष्ट. तिथल्या प्रयोगशाळेत प्रयोग फसला की आपा सगळ्यांना गिला वडा खाऊ घालायची. अमरावतीचा हा दही-चटणीतला वडा तिकडे कोणाला माहीत असणार? तिनं कँटीनच्या आचाऱ्याला शेजारी उभं राहून शिकवला होता. आणि प्रयोग जमला, की सगळे आनंदानं नाचत असताना ही तोंड पाडून कोपऱ्यात. मग म्हणायची, "चला, पुन्हा करा. पह्यल्यापासून." नवीन पोरं रडकुंडीला यायची. मी तिला विचारलं, हे काय उफराटं? तर म्हणाली, "फसलं थे फसलं. त्याच्यात लबाडी नसते. जमलं का भेव वाटते वं मले. आपल्याले पाह्यजे होतं म्हणूनच तं दिसलं नाई ना?"

मी असल्या माणसाला आधी विक्षिप्त म्हणायची. मग माझ्या लेकीला मुलगा झाला.

तो रांगायला लागला आणि त्याच्या गुडघ्यांवर, कोपरांवर निळी वर्तुळं उठायला लागली. लेक म्हणाली, "आई, पाटाला आपटला असेल." मी ते निळं बघितलं आणि मला माझा फळा दिसला. त्या दिवशी मी आपाला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हाव. थेच असन. तपासून घ्या." मला वाटलं, आता दोन शब्द धीराचे बोलेल. ती बोलली नाही. मी रडत होते आणि ती पलीकडे फोन धरून होती, ठेवला नाही की घाई केली नाही. माझं रडणं आटपल्यावर म्हणाली, "झालं काय? बरं. आता पोराले बर्फ लाव. दाबून नको, नुसता ठेव." मी बर्फ ठेवला. त्याच्या पुढच्या आयुष्यात किती बर्फ लागला त्याला काही हिशोब नाही.

तो आता पंचविशीचा आहे. जठारपेठेत त्याचं चष्म्याचं दुकान आहे. धंदा असा निवडला, की कुठं आपटायला नको. जीभ माझी घेतली आहे आणि घोटा माझ्या मामाचा. आत रक्त उतरून उतरून तो घोटा कायमचा वाकडा झाला. चालताना तो असा हलतो, की लांबून वाटावं गडी मजेत आहे. आपाला तो आपाआजी म्हणतो, आणि ती भेटली की दोघं मला बाजूला सारून माझीच टिंगल करतात.

काही वर्षांपूर्वी आपाचं औषध माणसांना देऊन बघायची वेळ आली. उंदीर झाले, माकडं झाली, परवानग्या झाल्या. अकोल्याला एका शाळेच्या हॉलमध्ये हिमोफिलियाच्या घरांची सभा ठेवली. काठ्या टेकत पोरं आली, त्यांच्या आया आल्या. संस्थेचा एक तरुण डॉक्टर पडद्यावर चित्रं दाखवून गोड बोलला. सगळ्यांचे चेहरे उजळले. लेकीनं माझा हात घट्ट धरला. मग आपा उठली. साठी केव्हाच ओलांडलेली, डोक्यावर ओढणी, पायात पुरुषी सँडल.

"आता मी सांगतो थे आयका. पह्यल्या गटाले मात्रा कमी राहीन. काहून? जास्त दिली अन् कोणी दगावलं तं? म्हणून आंधी कमी. मंग त्याच्यावर थोडी जास्त. मंग आखीन जास्त. पह्यल्या गटाचं रक्त गोठीन असं मी म्हणत नाई. बहुतेक नाईच गोठणार."

पुढच्या रांगेतल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अन् दुसरी गोष्ट. हा विषाणू एकदा अंगात गेला का अंग त्याले ओळखते. मंग दुसऱ्या खेपेले आंत येऊच देत नाई. म्हणजे पह्यल्या गटात ज्यानं घेतलं, त्याचा नंबर संपला. पुढं चांगली मात्रा सापडली, तरी त्याले देता येणार नाई."

तरुण डॉक्टर हळूच म्हणाला, "आपा, जरा सौम्य शब्दांत..."

"सौम्यच सांगून राह्यली मी."

मागून एक बाप उठला. "मंग बाई, पह्यल्या गटाले फायदा काय?"

"त्याले नाई. त्याच्या मांगच्याले."

खुर्च्या सरकल्या. लोक रागानं उठले नाहीत, पण उठले. बाया पोरांना हाताला धरून निघाल्या. एक जण जाता जाता म्हणाला, "एवढं खरं सांगाले बोलावलं काय?" डॉक्टर कपाळाला हात लावून बसला. अशा कामासाठी माणसं मिळाली नाहीत की काम तिथंच थांबतं, हे मलासुद्धा कळत होतं. आपाचं सगळं आयुष्य त्या हॉलच्या दारातून बाहेर चाललं होतं आणि ती पाण्याचा ग्लास शोधत होती.

तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला. "मला चालेल पहिला गट."

मी नातवाचा शर्ट मागून धरून खाली ओढला.

"आजी, शर्ट सोड. फाटेल."

"खाली बस!"

"अगं, कोणीतरी लागणार ना? इथं सगळेच दुसऱ्या गटाचे निघाले, तर दुसरा गट येणार कुठून?" लोक थांबले. तो वाकड्या पायावर नीट उभा राहिला. "माझा घोटा तसाही गेलेला आहे. मला घ्या."

त्याच्यामागे आणखी काही हात वर झाले. मी लेकीकडे बघितलं. तिनं तोंडात पदर कोंबला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आपाच्या भावाच्या घरी गेले. ती अंगणात खाटेवर बसून चहात पाव बुडवत होती.

"त्याचं नाव काढ," मी म्हणाले.

"काहून?"

"माझा नातू आहे तो."

"मंग दुसऱ्याचा टाकू काय? त्याले आजी नाई?"

मी खाटेवर बसले. मग रडले, मग भांडले, मग पुन्हा रडले. सूटकेससुद्धा काढली मध्ये. इतक्या वर्षांनी! "माझी सूटकेस घेऊन गेलीस, आता नातू घेऊन चाललीस," असं काहीतरी मी बोलले. चांगली सत्तरीला टेकलेली बाई, आणि तोंडातून काय निघावं! आपानं ऐकून घेतलं.

"तू त्याला एवढंच सांग, की थांब. दुसऱ्या गटात ये, तिसऱ्यात ये. तुझं ऐकेल तो."

"सांगितलं ना काल. सगळ्यायले सांगितलं. थो आयकूनच तं उभा राह्यला." तिनं कप खाली ठेवला. पाव चहात विरघळून गेला होता. "मलेबी नाई पाह्यजे थो पह्यल्या गटात. मी त्याले बर्फ लावला हाय वं. पण त्याले एकट्याले बाजूले घेऊन सांगितलं, तं मंग बाकीच्या पोरायले कोणत्या तोंडानं सुई लावू?"

मी तिच्याशी बोलणं सोडलं. या वयात बोलणं सोडायला दम लागतो. घरात रोज कोणीतरी तिचं नाव काढायचं आणि मला कान बंद करावे लागायचे.

त्याला औषध दिलं. नसेतून एक बाटली, तास-दोन तास. तो तिथून लेकीला फोटो पाठवत होता. परत आला आणि आपानं हॉलमध्ये सांगितलं होतं तसंच झालं. थोडं जमलं, बहुतेक नाही. आधी महिन्यातून दोन-तीनदा भरणारा घोटा आता सणासुदीला भरायला लागला. "आजी, माझा घोटा आता फक्त मोठे सण पाळतो," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. पण रक्त गोठवायच्या रोजच्या सुया सुटल्या नाहीत, दाढ दुखली तरी धडधड सुटली नाही.

पहिल्या गटात कोणाला काही अपाय झाला नाही, म्हणून दुसऱ्या गटाला जास्त दिलं. मग तिसऱ्याला. एक दिवस तेल्हाऱ्याकडचा एक पोरगा गॉगल घ्यायला दुकानात आला. तिसऱ्या गटातला. नातवाला ओळखून त्यानं मिठीच मारली. "भाऊ, सुई बंद. पूर्ण बंद. परवा ट्रॅक्टरवरून खाली आलो, गुडघा फुटला. अन् भाऊ, आपोआप थांबलं. खपली धरली! मी खपलीचा फोटो काढला." त्यानं तो फोटो दाखवला. नातवानं घरी येऊन ते सगळं मला हातवारे करून सांगितलं. खपली किती मोठी, कशी काळीभोर. त्याच्या डोळ्यात हेवा शोधत होते मी. सापडला नाही. मग मात्र माझ्यानं राहवलं नाही.

मी आपाला फोन लावला. अबोला मोडला तो शिव्या द्यायला. "तुझं औषध लागू पडलं, ऐकलंस का? माझ्याच नातवाला सोडून!"

"मालूम हाय मले," ती म्हणाली. बस, एवढंच.

त्यानंतर कळलं, की आपा निवृत्त झाली. सत्कार नको म्हणाली. कुठल्या तरी समितीवर बसायला बोलावत होते, तेही नको म्हणाली. संस्थेकडून तिनं एकच मागितलं. अमरावतीत, ओळखीच्या एका कॉलेजात दोन खोल्या, थोडी यंत्रं आणि दोन विद्यार्थिनी. लोक म्हणाले, म्हातारपणी गावाची ओढ लागली. मलाही तसंच वाटलं. नातू अधूनमधून बडनेऱ्याच्या गाडीनं तिकडे जायचा, तेव्हा मला वाटायचं, दोघं बसून माझी टिंगल करत असतील. येताना दंडाला कापसाचा बोळा चिकटवलेला असायचा. विचारलं तर म्हणायचा, "आपाआजीला थोडं रक्त लागतं."

गेल्या महिन्यात तिनं मला बोलावून घेतलं. "नातवाले घेऊन ये. तूबी ये. भांडाले नाई."

सकाळच्या गाडीनं गेलो. त्या दोन खोल्यांत शिरले आणि मला माझंच कॉलेज दिसलं. तोच वास, त्याच उंच खिडक्या. आपा वाकली होती, केस पांढरे, पण सँडल तशीच. दोन्ही विद्यार्थिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. आपाचं तोंड पडलेलं होतं. मला वाटलं, संपलं.

"हे पाहा," ती नातवाला म्हणाली. "या बशीत पेशी हायत. त्याच्यावर तुह्या रक्तातलं पाणी टाकलं. मंग जुना विषाणू टाकला, तुले दिला होता थोच. त्याच्या पोटात चमकणारं बी भरलं. अंगानं ओळखलं तं थो बाह्यरच मेला. बशी काळी. आंत गेला तं बशी हिरवी. पाह्य."

त्यानं बघितलं. मी बघितलं. सूक्ष्मदर्शकाच्या आत अमावास्या होती.

"असं झालं रे सगळं आयुष्य," आपा म्हणाली. "तुह्यं अंग त्याले ओळखून बसलं हाय, अन् त्याच्या सगळ्या भावायलेबी. मंग आमी त्याचा वरचा कोटच बदलाले बसलो. इथं थोडं, तिथं थोडं. बदलला का टाक बशीत, बदलला का टाक. काळी, काळी, काळी. पोरी कटाळल्या. मी म्हणो, पह्यल्या गटाचे लोकं आपल्या दारात उभे हायत, आपल्याले कटाळता येत नाई." तिनं बशी बदलली. एका विद्यार्थिनीनं ती नीट सरकवली. "हा नवा कोट. रक्त तुह्यंच."

नातवानं डोळा लावला आणि तो हललाच नाही. मी त्याला कोपरानं ढकललं, तेव्हा बाजूला झाला.

आयुष्यभर मी विज्ञान शिकवलं. फळ्यावर रंग भरले. पण असा रंग मी पाहिला नव्हता. काळ्या रानात सगळीकडे, इथून तिथपर्यंत, हिरव्या ठिणग्या. काही फिकट, काही अशा तेजस्वी की डोळ्यात पाणी यावं. माझ्या नातवाच्या रक्तानं दार उघडलं होतं. आत जे गेलं होतं ते तिथं शांतपणे चमकत बसलं होतं. मला वर मान करवेना. माझ्या पाठीवर आपाचा हात होता, हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

"तोंड काय पाडलंयस मग?" मी विचारलं.

"भेव वाटते. पुन्हा पुन्हा करून पाह्यलं. हिरवीच येते." ती नातवाकडे वळली. "आयक. हे बशीत हाय. बशी अन् माणूस याच्यात लय मोठं रान हाय. उंदीर, माकडं, परवानग्या. मी असीन का नसीन, मालूम नाई. या दोघी हायत. मले तुले सांगायचं होतं, का तुह्या अंगाचं दार कायमचं बंद नाई."

खिशातून चष्मा पुसायचं फडकं काढून नातवानं डोळे पुसले, मग त्याच फडक्यानं चष्मा. मग म्हणाला, "आपाआजी, नवा कोट म्हणजे माणसांवर पुन्हा पहिल्यापासून ना? पुन्हा आधी कमी मात्रा?"

"हाव. नवा कोट, नवं भेव. पुन्हा कमीच."

"आणि यातही ज्यानं पहिल्या गटात घेतलं, त्याचा नंबर संपला."

"हाव."

"मग माझं नाव पहिल्या गटात घ्या."

मी आपाकडे बघितलं. कंडक्टरला, प्राचार्यांना, परदेशातल्या प्रोफेसरांना, मला, कोणालाही उत्तरावाचून सोडलं नव्हतं तिनं. आता मात्र ती सूक्ष्मदर्शकाकडे वळली आणि बरोबर जुळलेलं चाक उगीच पुढे-मागे फिरवत राहिली. विद्यार्थिनी जमिनीकडे बघत होत्या. माझ्या जिभेवर काहीतरी खोचक येऊ बघत होतं, पण मी ते गिळलं. मी जन्मभर ज्या बाईकडे बघून तोंडात बोट घातलं, ती बाई माझ्या नातवासमोर पाठ करून उभी होती, कारण तिला चेहरा दाखवायचा नव्हता.

"थो लाइट बंद करा वं," शेवटी ती म्हणाली. "जास्त उजेड लागला का पेशी मरतात."

बटण माझ्या हाताजवळ होतं. मी बंद केलं.